पलीकडचा गोल

९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. आधी तब्येत विचारायची असते, पण तू म्हणशील ते राहू दे, स्कोअर सांग. जिंकलो. दोन-एक.

नवीन घर मैदानाला अगदी चिकटून आहे. तिसरा मजला, एकच खोली, कोपऱ्यात मोरी. जिना बाहेरून, लोखंडी, भोकाभोकांचा. खाली शिवणवाल्या काकूंचं दुकान. त्यांचं मशीन चाललं की वर माझी भांडी थरथरतात. बाबा जन्मभर रेडिओला कान लावून ज्या फुटबॉलच्या मैदानाचा आवाज ऐकत बसले, ते आता माझ्या खिडकीखाली आहे. पहिल्या दिवशी मला रडूच आलं. हे म्हणाले, खोली आवडली नाही का? काय सांगणार त्यांना.

हे जहाजावर परत गेले. आता सहा महिने मी आणि पार्सल. तू गमतीत म्हणालास आणि पोरीला तेच नाव चिकटलं बघ. दुपट्यात गुंडाळली की खरंच पार्सल दिसते.

मॅच मी गोलमागे बसून पाहिली, पार्सल मांडीवर. पहिल्या हाफात आपले काय खेळले! बाबांचा तो लाडका पोस्टमन अजून खेळतोय रे. पार टकला झालाय. पण ज्याच्या दारात बॉल द्यायचा त्याच्याच दारात देतो. तीन छोटे पास आणि गोल. ब्रेकनंतर मात्र काय झालं कोण जाणे. सगळे मागेच. कुलूप एकटा उड्या मारतोय. कुलूप म्हणजे गोलकीपर, इथे सगळे तसंच म्हणतात. त्यातच त्यांनी एक घातला. मग आपला दुसरा झाला. लोक केवढे ओरडले.

तू जेवतोस ना वेळेवर? का नुसतंच दुसऱ्यांना वाढतोस?

तुझी धाकटी

२१ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र सामानाच्या ट्रकमधून कांद्यांबरोबर आलं. पाकिटाला वास होता, पण वाचून जीव सुखावला. इथे डोंगरात रेडिओ नुसता खरखरतो. बोगद्याच्या कामावरचे आठजण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवतात. मी पत्र मोठ्याने वाचलं. लगेच भांडण सुरू.

भोंगा ड्रिल मारतो. कान गेलेत, म्हणून ‘मीठ दे’सुद्धा ओरडून म्हणतो. त्याचं म्हणणं, छोटे पास हे बायकी काम. (माफ कर, त्याचे शब्द.) पुढे खांबासारखा उंच गडी ठेवायचा आणि मागून लांब बॉल मारायचा. मीही त्याच्याच बाजूने आहे. तारा जोडणारा फ्यूज म्हणतो, लांब बॉल म्हणजे देवाला पत्र. पोचलं तर पोचलं. यावर भोंग्याने त्याच्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

क्लबने डाव्या बाजूचा तो चपळ पोरगा विकला आणि दोन फॉरवर्ड घेतले असं ट्रकवाला सांगत होता. खरं का? कसे आहेत? आणि बाई, दुसरा गोल कसा झाला ते लिहिलंच नाहीस! टेबलावर माझी लाज गेली.

पार्सलला मामाचा पापा.

दादा

४ ऑक्टोबर

दादा,

खरंय, पोरगा विकला. नवे दोघं उंच आहेत, दिसायलाही बरे, पण नुसते उभे राहतात. भोंगाकाकांना सांग, चूल एकच असताना जुना धरून तीन झारे ठेवून काय उपयोग? ढवळणार काय? मधे बॉल आणणारा तो टकला एकटाच. तो थकला की पुढचे तिघं टॅक्सीची वाट बघितल्यासारखे उभे.

काल एक-एक. पहिल्या हाफात परत आपणच. ऊन समोरून त्यांच्या गोलकीपरच्या डोळ्यात जातं ना, म्हणून आपले नेहमी आधी इकडच्या गोलवर चाल करतात. पाहुण्यांना हे माहीत नसतं, ते मुकाट उभे राहतात. आपला गोल छान झाला. ब्रेकनंतर पुन्हा तेच, सगळे मागे. टीमचा मास्तर घाबरून मागे बोलावतो की काय?

दुसऱ्या गोलाचं विचारलंस. पार्सल रडत होती रे, बघायला जमलं नाही.

शिवणवाल्या काकू चांगल्या आहेत. मी खिडकीतून दोरीने टोपली सोडते, त्या दूध-भाजी घालून देतात, तुझी-माझी पत्रंही त्यातूनच येतात-जातात. खालून ओरडतात, “काय गं, खाली आलीस तर पायाला माती लागेल का?” तेवढंच कोणीतरी बोलतं. नाहीतर दिवसभर मी माझाच आवाज ऐकते. परवा पार्सलला मी ऑफसाईड समजावून सांगितलं.

लवकर लिही. तुझं पत्र आलं की दोन दिवस मी भोंगाकाकांना मनात उत्तरं देते. भांडी घासताना.

धाकटी

१७ ऑक्टोबर

धाकटे,

झाऱ्यांचं टेबलाला फार आवडलं. फ्यूज म्हणतो, ह्या बाईला क्लबात घ्या.

पण तुझ्या पत्रांवरून टेबलाने एक निकाल दिलाय, ऐक. दर मॅचला तेच. आधी वाघ, नंतर मांजर. म्हणजे दम पुरत नाही. दम कोणाचा? पोस्टमनचा! तू त्याचं पहिल्या हाफातलं लिहितेस, दुसऱ्यात त्याचं नावच नाही. गडी ब्रेकनंतर हरवतोच. भोंगा म्हणतो, विका म्हाताऱ्याला आणि त्या पैशात मधल्या फळीला दोन तरणे घ्या. मलाही पटलं. बाबा असते तर चिडले असते, पण प्रेम वेगळं, टीम वेगळी.

पार्सलला टोचायची वेळ झाली असेल ना? दवाखाना लांब आहे का?

दादा

२ नोव्हेंबर

दादा,

पोस्टमनला काही बोलू नका. त्याचा दम गेलेला नाही. मला माहीत आहे. कसं ते विचारू नको, पण त्याला विकायचं म्हणू नका. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळे.

काल हरलो. एक-शून्य. जास्त लिहीत नाही.

दवाखाना लांब नाही. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहे. नर्सबाई वर आल्या होत्या. म्हणाल्या, दोन टोचण्या राहिल्या, मी घरी आणून टोचू शकत नाही, बर्फातलं औषध असतं, तुम्हाला यावंच लागेल. पलीकडच्या गल्लीत एका बाळाला डांग्या खोकला झालाय म्हणे. मी म्हटलं सोमवारी येते.

रात्री पार्सल खोकली की मी उठून बसते. साधाच आहे खोकला. लाळ अडकते.

धाकटी

१३ नोव्हेंबर

धाकटे,

बरं बाई, नाही विकत. एका टकल्यासाठी एवढा राग!

सोमवारी जाऊन आलीस ना? भोंगा विचारतोय पार्सलला ताप आला का. त्याच्या पोरांना टोचल्यावर दोन दिवस ताप यायचा, तो म्हणाला घाबरू नये, तसंच असतं.

दादा

२६ नोव्हेंबर

दादा,

आज उलटंच झालं! पहिला हाफ सगळे मागे, कुलपाच्या अंगावर माणसंच माणसं. मला वाटलं आज काही खरं नाही. आणि ब्रेकनंतर आपले असे सुटले! पोस्टमन माझ्या समोर, इतका जवळ की टकलावरचा घाम दिसला. पाच पास झाले, एकही लांब नाही. सगळे पायापासून पायापर्यंत. शेवटचा त्या नव्या उंच गड्याने नुसता पाय लावला. दोन-शून्य. मास्तरला ब्रेकमध्ये कोणी धीर दिला असेल. सांग टेबलाला, म्हातारा दुसऱ्या हाफातच जास्त पळाला.

मला इतका आनंद झाला की मी पार्सलला घेऊन खोलीभर नाचले. मग आठवलं, सांगायला कोणी नाही. टोपली सोडली तर काकू दुकान बंद करून गेल्या होत्या. रिकामी वर ओढून घेतली.

सोमवारी जमलं नाही. जाईन.

एक विचारू? भोंगाकाका हल्ली शिव्या देत नाहीत का? पहिल्यासारखे वाटत नाहीत. तुझ्यासारखंच बोलतात.

धाकटी

९ डिसेंबर

धाकटे,

काल बटाट्याच्या पोत्यात जुना पेपर निघाला. पान खेळाचं. तुझ्याच मॅचचं. बटाटे तसेच टाकून वाचायला बसलो. त्यात लिहिलंय की पाहुण्यांनी नाणेफेक जिंकली, त्यांना उन्हाचं माहीत होतं, म्हणून त्यांनी बाजू बदलून घेतली. या मोसमात आपले पहिल्यांदाच उलट्या बाजूने खेळले.

मग तुझी सगळी पत्रं कणीक मळायच्या टेबलावर मांडली. आपण सगळे चुकलो गं. मास्तर घाबरट नाही, म्हातारा दमत नाही. तुला अर्धंच मैदान नीट दिसतं, पलीकडचं अर्धं लांब पडतं. अलीकडच्या गोलवर जे घडतं तेवढं तू लिहितेस. पलीकडे काय झालं ते तुला ओरडण्यावरून कळतं. गोलमागे बसलेली बाई खोलीभर कशी नाचेल? तू गोलमागे बसत नाहीस. तू खिडकीत असतेस.

रागावलो नाही. हसलो आधी. दोन महिने आम्ही एका खिडकीवरून टीम विकत घेत होतो आणि विकत होतो.

मग हसू थांबलं. शाळेच्या मैदानावर बाबा पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायचे तेव्हा त्यांच्या आधी कुंपणावरून उडी मारून आत जाणारी ती तू. आता मैदान खिडकीखाली आहे तर खाली का जात नाहीस? टोपली सोडतेस. नर्स वर येते. सोमवार येतो नि जातो. धाकटे, तू शेवटची खाली कधी उतरलीस?

आता माझं. भोंगा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी बोगदा आरपार झाला तेव्हा टेबल उठलं. फ्यूज दुसऱ्या कामावर. मी आणि एक पहारेकरी उरलोय, आणि तो आपलं ताट उचलून गेटवर जातो. तुझी पत्रं मी भिंतीला वाचून दाखवतो. भोंग्याची बाजू मी मांडतो, फ्यूजचीही मीच. तुला कळवलं नाही, कारण टेबल नाही म्हटल्यावर तू कोणासाठी लिहिणार?

खरं लिही.

दादा

३० डिसेंबर

दादा,

तीनदा लिहायला बसले. तीनदा फाडलं.

दवाखान्यातून पार्सलला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी हे सामान घेऊन पुढे होते. मी मागून चढत होते. जिन्याच्या भोकात चप्पल अडकली. दादा, ती हातातून अर्धी सुटली. डोकं खाली गेलं तिचं. दुपट्याचं टोक माझ्या बोटात होतं म्हणून. यांनी मागे वळून पाहिलंच नाही. वर गेल्यावर म्हणाले, दमलीस का? मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून उतरले नाही. रोज आंघोळ घालून तिला नवं झबलं घालते, दार उघडते. भोकांतून खालची फरशी दिसते. हात गार पडतात. आणि एक सांगते, कोणाला सांगू नको, यांना तर मुळीच नाही. मला वाटतं ती सुटणार नाही, मीच टाकेन. असं येतं मनात. आईच्या मनात असं येतं का रे? मग दार लावून तिला अंथरुणाच्या अगदी मधोमध ठेवते आणि मी भिंतीशी जाऊन बसते. लांब.

मॅच असते तेव्हाच बरं वाटतं. खिडकीत तिला घट्ट धरून बसते. खिडकीला गज आहेत.

तुला वाटेल कसली ही. लहानपणी काय आणि आता काय.

ती खोकते अजून. साधाच आहे. मला ठरवता येत नाही.

भोंगाकाका गेले याचं वाईट वाटलं. मला त्यांच्याशी अजून भांडायचं होतं.

धाकटी

६ जानेवारी

धाकटे,

ट्रकवाल्याला चहा पाजून थांबवून ठेवलाय, त्याच्या हातानेच हे पाठवतोय.

येतं. मनात येतं. मी इथे आलो तेव्हा दोन आठवडे बोगद्यात पाय टाकला नव्हता. डबे तोंडाशी ठेवून पळून यायचो. मला वाटायचं आत गेलो की मीच काहीतरी ओढीन आणि डोंगर खाली येईल. डोंगर! माझ्या हाताने! टाकणारी आई दार लावून भिंतीशी जाऊन बसत नाही गं. तू तिला तुझ्यापासूनच जपतेस. पण हे सगळं नर्सबाईला जसंच्या तसं सांग, मला लिहिलंस तसं. त्यांना हे नवीन नसतं. खोकल्याचंही त्याच बघतील. उद्यावर टाकू नको.

आता टीमचं. तुझी टीम बघ जरा. एक फॉरवर्ड समुद्रावर, एक डोंगरात, दोघंही टॅक्सीची वाट बघितल्यासारखे उभे. मागे गोलमध्ये तू एकटी. मधे कोणीच नाही. असा लांब बॉल पोचणार कसा? मी हरलो, फ्यूज जिंकला, असं समज. छोटे पास.

आणि नवा गडी घ्यायला नको. आहे त्याला तू खेळवत नाहीस. टोपली खाली सोडतेस ना? त्यात चिठ्ठी टाक. काकूंना वर बोलाव. पार्सल त्यांच्या हातात दे. तू मोकळ्या हाताने उतर, अनवाणी, बसून उतरलीस तरी चालेल. एका पायरीवरून दुसरी, एवढंच बघ. आज गोल मारायचा नाही. बॉल फक्त पुढच्या पायाला द्यायचा.

ट्रक हॉर्न मारतोय.

दादा

२२ जानेवारी

दादा,

टोपलीत चिठ्ठी टाकली. ‘काकू वर या, मला जिना उतरता येत नाही.’ एवढंच. मशीन थांबलं. भांडी थांबली. मला वाटलं हसतील. त्या वर आल्या, गळ्यात टेप तशीच, आणि म्हणाल्या, “अगं बये, मला वाटलं तू शिष्ट आहेस!” मग पार्सलला घेतलं, तिला उलटसुलट करून बघितलं, म्हणाल्या हिची कापडं लहान झालीत, मी शिवते.

त्या तिला छातीशी धरून पुढे, मी मागे, बसून. लहान मूल उतरतं तसं. मधल्या वळणावर मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, “रड, पण सरक.” दादा, मी सरकले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. टोचलं. पार्सल एकदाच किंचाळली, मग नर्सबाईंचं पेन ओढलं. त्यांनी पाठीला नळी लावून बघितलं, खोकला साधाच आहे. मग मी बाकीचं सांगितलं. तुला लिहिलं तसंच. त्यांनी दार लावून घेतलं आणि पूर्ण ऐकलं. आता दर बुधवारी यायला सांगितलंय. गोळ्याही दिल्यात. अजून हात गार पडतात. रोज नाही.

आणि काल मॅच होती. काकूंनी दुकान लवकर बंद केलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. विचारतात, हे सगळे एकाच बॉलमागे का लागलेत, प्रत्येकाला एक द्या ना! भोंगाकाकांशी त्यांचं छान जमलं असतं.

आम्ही पलीकडच्या गोलमागे बसलो. मुद्दाम. पहिला हाफ आपले लांब, मुंग्यांएवढे, काही कळत नव्हतं. ब्रेकनंतर आले की रे आमच्याकडे सगळे. दुसऱ्या हाफात. पोस्टमन सगळ्यांच्या पुढे, आणि तो दमत नाही, दादा, तो चालतो कमी आणि बघतो जास्त. बॉल यायच्या आधीच त्याला माहीत असतं कोणाच्या दारात द्यायचा. बरोबरीत सुटलो. दोन-दोन. आपले दोन्ही गोल कसे झाले ते मोठ्या पत्रात लिहीन, पास मोजून. भिंतीला नको वाचून दाखवू. स्वतःला वाचून दाखव. नाहीतर काम संपलंय तर इकडे ये. तू शिकवलेला चहा मी करीन.

मॅच संपल्यावर लोक गेले. काकू पार्सलला घेऊन थांबल्या होत्या. मी रेघेजवळ जाऊन फक्कीला बोट लावलं. बाबांच्या हातासारखाच वास. मग वर बघितलं. ऊन माझ्या पाठीमागून समोरच्या भिंतीवर पडलं होतं. तिथून आमचं घर दिसतं, दादा. जिना केवढासा. तारेवर पार्सलची दुपटी. दोरीला टोपली तशीच लटकलेली. आणि ती खिडकी, गजांची, जिच्यातून आपण सगळी टीम बघितली.

मी बराच वेळ बघत होते. खिडकीत कोणी नव्हतं.

तुझी धाकटी